आमच्या सोसायटीचा मोमो राजा

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी यंदाच्या कार्निव्हलचा मोमो राजा, म्हणजे सणापुरता मुकुट घालून मिरवणारा गमतीचा राजा, म्हणून स्वतःचीच निवड केली, तेव्हा सभेतल्या एकालाही हसू आलं नाही. उलट टाळ्या पडल्या. नवीन पनवेलात मी इतकी वर्षं राहते आहे. अध्यक्षांपुढे टाळ्या वाजवायची ही हौस मला कधीच कळलेली नाही.

मी मूळची मडगावजवळच्या खेड्यातली, म्हणून सांस्कृतिक समितीने मला बोलावलं होतं. "मॅडम, तुम्ही गोव्याच्या. एक छोटंसं स्किट लिहा ना, ऑथेंटिक," अध्यक्ष म्हणाले. ते एका मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत, आणि घरी आल्यावरही ते मॅनेजरच असतात. गोवा त्यांना चांगला ठाऊक होता, म्हणजे विमानतळ ते हॉटेल एवढा.

मला ठाऊक होता तो इंत्रुज. कार्निव्हलला आमच्याकडे असंच म्हणायचे. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास लागायच्या आधीचे ते तीन-चार दिवस. उपासात मांस नाही, लग्न नाही, गाणंबजावणं नाही. तेव्हा त्याआधी हौस भागवून घ्यायची. पोरं एकमेकांवर पीठ आणि रंगाचं पाणी उडवायची. पण खरी मजा खेळांची. ट्रम्पेट, ढोल आणि घुमट, म्हणजे तोंडाला चामडं ताणून बसवलेलं मडकं, असा ताफा घेऊन गावातले लोक दारोदार जायचे आणि अंगणात गाणी म्हणत छोटी नाटकं करायचे. बायकांची कामंही पुरुषच करायचे.

आमचं घर हिंदू आणि काका भाटकार, म्हणजे जमीनदार. त्याच्याच अंगणात त्याच्याच कुळांनी त्याच्या चिक्कूपणावर गाणं म्हटलेलं मी पाहिलं आहे. नारळ कमी लागले की काका माडालाच दमात घेतो, असं काहीतरी होतं. काका खुर्चीत लालबुंद होऊन बसला होता, पण उठून गेला नाही. शेवटी हसला आणि सगळ्यांना फेणी पाजली. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची त्याला एकदा तोंडावर बोलून घ्यायचं, यासाठीच तर तो सण.

म्हणून मी तसंच लिहिलं. त्यात पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कायम उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या गाड्या आल्या, टँकरचं पाणी आधी कुठल्या विंगला जातं तेही आलं. समितीने ते श्राद्धाला बसल्यासारखं वाचलं.

"थोडं निगेटिव्ह वाटतंय," अध्यक्ष म्हणाले. "बीच, मासे, मस्ती असं काहीतरी करा ना."

त्यातून तारीख ठरली ती उपास लागल्यानंतरच्या शुक्रवारची. डीजे तेव्हाच मोकळा होता.

"कार्निव्हल मंगळवारी संपतो," मी म्हटलं. "विसर्जन झाल्यावर तुम्ही गणपती आणाल का?"

"अहो, ते वेगळं. तो आपला सण आहे."

मी उठून दुसऱ्या मजल्यावर टीचरकडे गेले. टीचर म्हणजे माझी गोव्याची ख्रिस्ती शेजारीण, निवृत्त शिक्षिका, एकटीच राहते. तिने ते स्किट वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून. "बाय, अध्यक्ष मी होणार," ती म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी तिच्या हॉलमध्ये आम्ही खेळ केला. टीचरने नवऱ्याचा जुना टाय बांधला, मी स्टीलच्या डब्यावर ठेका धरून गायले. मोजके शेजारी होते. त्यांतली तळमजल्यावरची, इथल्याच गव्हाण गावची बाई तर खुर्ची सोडून जमिनीवर बसली. "आमच्या गावात शिमग्याला पोरं सरपंचाच्या दारात बोंबलतात," ती म्हणाली. "तो काय रागवत नाय. या अध्यक्षाला कुनी बोलावला नाय का?"

बुधवारी टीचर चर्चमधून आली, उपासाच्या पहिल्या दिवशी कपाळावर लावतात तो राखेचा क्रूस घेऊन. लिफ्टमध्ये आम्हा दोघींना नेमके अध्यक्ष भेटले.

"कार्यक्रम केलात म्हणे. मला नाही बोलावलं?"

"आला असता तर हसला असता?" टीचरने विचारलं.

ते मोबाइलमध्ये बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय, पुसून घ्या."

मला त्या माणसाची कीव करणंही जड गेलं.

शुक्रवारी थर्माकोलचा मुकुट घालून राजेसाहेब स्टेजवर चढले आणि त्यांनी ओल्या-सुक्या कचऱ्यावर भाषण केलं. मग हिंदी रीमिक्स सुरू झाली. भिंती हादरत होत्या. वरच्या मजल्यावर खिडक्या लावून टीचर आणि मी पेज आणि लोणचं खात होतो. तिचा उपास होता, आणि मलाही खाली जाऊन त्यांची पावभाजी खायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी समितीचा राजीनामा दिला. तो लगेच मंजूर झाला. समितीने इतक्या तत्परतेने केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.