गेली दोन, आलं एक

दुचाकीवरून आमच्या घरातली आजवर दोनच माणसं हरवली, आणि दोन्ही वेळा मी जागेवर हजर होते. पहिल्या वेळी तर हरवलेलं माणूस मीच होते. (दुसरं प्रकरण घरात अजून ताजं आहे, म्हणून ते शेवटी.)

तेव्हा आम्ही बजाजनगरात एका खोलीत राहत होतो. वाळूजला कंपन्या उभ्या राहत होत्या आणि कंपन्यांपेक्षा जास्त वेगानं भाड्याच्या खोल्या. आमचे हे एका कंपनीत लेथवर होते. (यांचं नाव पुढं येईल. ते माझ्या तोंडून निघावं म्हणूनच तर एवढं रामायण घडलं.) शहरात विद्यापीठाच्या नामांतराची चळवळ पेटलेली. आज मोर्चा, उद्या बंद, आणि बंद म्हटलं की एसटी डेपोत. माझं माहेर फुलंब्रीजवळ, आणि आईला दमा. एकदा तिचं जास्त झाल्याचा निरोप आला आणि जायला गाडीच नाही! चार दिवस मी खोलीत नुसती येरझाऱ्या घालत होते. पाचव्या दिवशी पोचले तेव्हा आई उठून बसली होती, पण त्या चार दिवसांत मी जे रडले ते आठवलं की अजून गलबलतं.

म्हणून यांनी जेव्हा सुपरवायझरची जुनी मोटारसायकल घेतली, तेव्हा यांच्यापेक्षा जास्त आनंद मला झाला. सकाळी फुलंब्री, संध्याकाळी परत! कोणाच्या बंदची भीती नाही.

ही बातमी लासूर स्टेशनला सासऱ्यांपर्यंत पोचली आणि तिसऱ्या दिवशी आबा दारात. धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आबांनी जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला काठी टोचली आणि निकाल दिला.

"इकून टाक. ईस मेंढरं घे."

"आबा, मेंढरं घेऊन मी कंपनीत कसा जाऊ?" हे म्हणाले.

"चालत. आम्ही नाय गेलो व्हय जल्मभर चालत? बैलाला खड्डा दिसतो. हिला दिसतो का?"

"मला दिसतो ना, आबा!"

"तुला? तुला हीर दिसली नव्हती!"

(हे खरं होतं. नऊ वर्षांचे असताना हे चालता चालता विहिरीत पडले होते. काढायला आबाच उतरले होते.)

दहा बाय दहाची खोली, त्यात वीस मेंढरं आणि आम्ही दोघं! आणि विसातलं एकही मेंढरू मला फुलंब्रीला नेणार नव्हतं. मी पदर नीट केला आणि दाराआडून म्हणाले, "मामंजी, एकदा बघा तरी चालवून. मग ठरवा."

आबांनी विचार केला. मग म्हणाले, "बरं. मी चौकात च्याच्या टपरीवर बसतो. तुम्ही दोघं वाळूजला जाऊन या. येताना तंबाखू आणा माझी, म्हंजी गेला व्हता ते कळंल. आन् ध्यानात ठेवा, मेंढरं सोडताना मी मोजून सोडतो, येताना मोजून घेतो. दोन चालली, दोन आली पायजेत. कमी भरली तर गाडी इकली!"

दोन माणसं न्यायची आणि दोन आणायची. एवढी सोपी परीक्षा मी आयुष्यात दिली नव्हती!

आता मागं बसणाऱ्या बाईनं नवऱ्याच्या खांद्याला धरायचं, हा गाडीचा नियम. सासऱ्यासमोर नवऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. मी दोन्ही पाळले. आबा दिसत होते तोवर सीटची मागची कडी घट्ट धरली, आणि वळण ओलांडताच हात खांद्यावर! काय सांगू! वारा कानात शिरतोय, पदर फडफडतोय, कंपन्यांची कुंपणं सरासरा मागं पडतायत. आपल्याला कोणी उचलून नेतंय आणि आपण नुसतं बसायचंय, हे सुख जन्मात पहिल्यांदा मिळालं. त्या वेळी मला कोणी विचारलं असतं की सोनं हवं की मोटारसायकल, तर मी म्हटलं असतं, आधी ब्रेक नीट करून घ्या, मग मोटारसायकल द्या. (ब्रेक जरा उशिरा लागत होते. आबांना आम्ही ते सांगितलं नव्हतं.)

वाळूजला तंबाखू घेतली, पुडी मी मुठीत धरली आणि परत फिरलो. दुपारचे तीन वाजले होते. पहिली पाळी सुटली आणि कंपन्यांच्या फाटकांतून सायकली, स्कूटर, मोटारसायकली यांचा लोंढा रस्त्यावर आला. हे त्या गर्दीतून गाडी काढत मला ओरडून सांगत होते की आबांना काय काय सांगायचं. "म्हणायचं, गाडी म्हणजे मेंढरापेक्षा शहाणी! म्हणायचं, मागं बसणाऱ्याला केसाचाही धक्का लागत नाही!" मी "हूं, हूं" करत होते.

चौक जवळ आला. आबांची नजर अशी की डोंगरावरचा लांडगा खालून ओळखावा. आता इथून दिसतील, या भीतीनं मी खांद्यावरचा हात काढला. कडी धरायला हात मागं नेला. आणि नेमका तेव्हाच गतिरोधक आला!

गाडी पुढं गेली. मी वर गेले. आणि खाली आले तेव्हा माझ्याखाली गाडी नव्हती, बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. देवाची कृपा आणि बजाजनगरात घरोघर चाललेली बांधकामं! खरचटलंसुद्धा नाही. एक चप्पल तेवढी रस्त्यावर उडाली. तंबाखूची पुडी मुठीत तशीच.

समोर यांची पाठ लांब लांब चालली होती आणि वाऱ्यावर आवाज येत होता, "म्हणायचं, एकदम सुरक्षित!"

मी जीव खाऊन ओरडले, "अहो! अहो, थांबा!"

करकचून ब्रेक लागले. पण यांचे नाही. त्या रस्त्यावरून पाळी सुटून घरी निघालेल्या पन्नासेक नवऱ्यांचे! एकाच्या मागं एक सगळे थांबले आणि माझ्याकडं बघू लागले.

"काय झालं वहिनी?"

"तुम्ही नाही हो! आमचे हे!"

"हे म्हंजी कोण?"

"ते काय ते, पुढं गेलेत!"

"पुढं लई जण गेलेत! नाव सांगा की!"

नाव! लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यांचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नव्हती. मी मान खाली घातली, पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरू लागले. मागून हॉर्न वाजतायत, पन्नास पुरुष ताटकळलेत, आणि मी लाजतेय!

एवढ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ मोटारसायकल स्टँडला लावून पुढं आले. खिशाला नामांतराचा बिल्ला, कपाळावर जुन्या टाक्यांची खूण. माझी चप्पल त्यांनी शोधली, पण सापडली नाही. मग शांतपणे म्हणाले, "ताई, एका नावापायी आम्ही लाठ्या खाल्ल्या, जेलात जाऊन आलो. आन् तुम्हाला घरातलं नाव घेता येईना व्हय?"

मला खरंच लाज वाटली. मघाची लाज वेगळी होती आणि ही वेगळी. अख्खं शहर एका नावासाठी झुंजत होतं, आणि मी एका नावापायी वाळूत उभी! मी छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पण सवय कुठं जाते? नाव एकटं बाहेर येईना, ते उखाणा घेऊनच आलं,

"वाळूजच्या रस्त्यावर कंपन्यांचा धूर,
जगन्नाथराव मला सोडून गेले दूर!"

आणि टाळ्या!

"वा वहिनी! अजून एक होऊन जाऊ द्या!"

"अरे, लेथवरचा जगन्नाथ! पकडा त्याला!"

पन्नास गाड्या एकदम सुरू झाल्या आणि "जगन्नाथ! जगन्नाथ!" असा पुकारा चौकाच्या दिशेनं निघाला. त्या गृहस्थांनी मला गाडीवर बसायला सांगितलं. "खांद्याला धरा ताई. पडायची हौस फिटली ना?" मी धरलं. मुकाट्यानं.

इकडं चौकात काय झालं ते मला टपरीवाल्यानं सांगितलं. (आमचे हे अजूनही यातला निम्मा भाग नाकबूल करतात.) यांनी ऐटीत गाडी आबांसमोर आणून उभी केली, स्टँड लावला आणि म्हणाले, "बघा आबा! गेलो तसे आलो!"

आबांनी कप खाली ठेवला. दोन बोटं वर केली. "गेली दोन." मग एक बोट मिटलं. "आलं एक. दुसरं कुठंय?"

"मागं बसलीये की! ती जरा लाजते."

"माझी तंबाखू?"

यांनी मागं हात केला. हाताला सीट लागली. मग वळून बघितलं. टपरीवाला म्हणतो, यांच्या तोंडाइतकं पांढरं त्यानं दूधसुद्धा बघितलं नव्हतं. तेवढ्यात पन्नास गाड्या ओरडत आल्या, "जगन्नाथ, मागं फिर! बायको पडली!" आणि यांनी किक मारली ती एकदम परतच.

रस्त्यात आमची चुकामूक झाली. लोंढ्याच्या एका कडेनं मी चौकाकडं आले, दुसऱ्या कडेनं हे वाळूच्या ढिगाकडं गेले. मी परक्या माणसाच्या गाडीवरून उतरून आबांसमोर उभी राहिले, एका पायात चप्पल, केसांत वाळू, आणि तंबाखूची पुडी पुढं केली.

आबांनी माझ्याकडं बघितलं, त्या गृहस्थांकडं बघितलं, आणि मोजलं. "सून आली. पोरगं गेलं. आताबी एकच भरतंय!"

मी म्हटलं, "मामंजी, येतील ते. गाडी विकू नका!" आणि मला हुंदका आला. पडले तेव्हा आला नव्हता, तो आता आला. आईचं दुखणं, बंद पडलेली एसटी, त्या चार दिवसांच्या येरझाऱ्या, सगळं मी रडत रडत सांगून टाकलं. सासऱ्याशी एवढं मी तीन वर्षांत मिळून बोलले नव्हते. आबा तंबाखू मळायची विसरले.

मग हे आले. गाडी ढकलत. (घाईत पेट्रोलचा कॉक बंद केला की काय केलं, देव जाणे.) एका हातानं माझी हरवलेली चप्पल छातीशी धरलेली आणि डोळ्यांतून धारा. मला टपरीवर बसलेली बघून त्यांनी चप्पल माझ्यासमोर ठेवली आणि मटकन खाली बसले. आबांनी दोन बोटं वर केली आणि या वेळी दोन्ही तशीच ठेवली.

"भरली," ते म्हणाले. "गाडीत खोट नाय. हाकणाऱ्यात हाय. ह्याला मागचं दिसत नाय आन् हिला हाक मारता येत नाय!" मग माझ्याकडं वळले. "सूनबाई, गाडी ठिव. पण रस्त्यात दर मैलाच्या दगडाला ह्याचं नाव घिऊन हाक मारायची. जोरात! त्यानं 'हाय' म्हणायचं. हाक आली न्हाय की त्यानं गाडी थांबवायची. आमी रातभर मेंढरांना हाक मारतो, तुला एका नवऱ्याला जमंना?"

"मामंजी, नाव घेऊन?"

"मग काय शिट्टी मारून?"

त्यानंतर कित्येक वर्षं फुलंब्रीच्या रस्त्यानं एक मोटारसायकल जायची, आणि दर दगडाला मागून बाई ओरडायची "जगन्नाथ!" आणि पुढून माणूस म्हणायचा "हाय!" हर्सूलच्या लोकांना वाटायचं, भांडत चाललेत. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी दर आठवड्याला तिच्याजवळ होते. या गाडीनं मला आणखी काही दिलं नसतं तरी चाललं असतं. पुढं विद्यापीठालाही चळवळीनं मागितलेलं नाव मिळालं. ते बिल्लेवाले गृहस्थ पेढे घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "ताई, आधी घरातलं नाव घ्या, मग पेढा!" मी गल्लीला ऐकू जाईल असं घेतलं.

आता यांचे गुडघे गेलेत आणि लेकानं ई-बाईक आणलीय. चालवते मी. किक नाही, धूर नाही, पेट्रोलचा वास नाही, आणि आवाज तर औषधालाही नाही. धोका एवढाच की कुत्र्यांना आणि माणसांना आपण आल्याचं कळत नाही. घरचा नियम मात्र तोच. मागं बसलेल्यानं दर चौकात हाक मारायची. हे बिनधास्त "सुमन!" म्हणतात. उखाणाबिखाणा काही नाही!

गेल्या आठवड्यात भाजी घेऊन आम्ही परत येत होतो. सिग्नलला थांबलो. यांच्या पिशवीतून मेथीची जुडी पडली, ती उचलायला हे खाली उतरले. मला काय कल्पना? हिरवा दिवा लागला, मी निघाले. आणि मोटारसायकलीपेक्षा ही गाडी कशी सुरक्षित, हिच्यावरून माणूस पडणं कसं शक्यच नाही, हे मी त्यांना अगदी दारापर्यंत समजावून सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं!

फाटकात सून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, आणि शांतपणे दोन बोटं वर करून त्यातलं एक मिटलं.

हे अर्ध्या तासानं रिक्षानं आले, मेथी छातीशी धरून. म्हणाले, सिग्नलपासून "सुमन! सुमन!" असं दहा वेळा ओरडलो, सगळा चौक थांबला, तू सोडून! त्या काळी यांना माझी हाक ऐकू आली नव्हती, पण त्यांच्याकडं निदान इंजिनाची सबब होती. माझ्या गाडीला आवाजच नाही. होता तो सगळा माझा!