या वर्षी नवीन काय केलं?

माझी मावशी चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासते. एकोणीस वर्षं झाली. फिरत्या चाकावर भिंगाची कड घासायची, अंगठा फिरवून बघायची, मग भिंग फ्रेममध्ये बसवायचं. कड केसभर जास्त राहिली की काच तडकते. तिच्या हातून वर्षाकाठी एखादीच तडकायची.

पगारवाढीसाठी तिथे दरवर्षी एक फॉर्म भरून घेतात. पहिलाच प्रश्न : या वर्षी नवीन काय केलं? तिच्या शेजारचा पॉलिशवाला तिथे दोन पानं भरायचा. त्याने नवा झाडू आणला तरी ती ‘सुधारणा’ व्हायची. मावशी लिहायची, ‘काही नाही. नेहमीचंच काम.’ खाली तडकलेल्या काचांचा आकडाही स्वतःहून टाकायची. सहा वर्षं पगार जिथल्या तिथे.

मी चिडायचो. “मावशी, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही!”

“ते साहेब आहेत रे, आई नाहीत. आणि खोटं काय लिहू?”

घरभाडं मात्र फॉर्म न भरताच वाढत होतं. मावशीचे यजमान, आमचे काका, गेले ते त्याच भाड्याच्या खोलीत. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. गेल्या वर्षी घरमालकाने शेवटचं सांगितलं : वाढीव भाडं द्या, नाहीतर खोली सोडा. तेव्हा ती पहिल्यांदा साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

साहेबांनी बसायला सांगितलं. म्हणाले, “तुमच्याबद्दल तक्रार नाही हो बाई. पण काम तेच, मग पगार कशाला वाढवायचा? तुम्हीच लिहिलंय.”

“काम तेच आहे साहेब. पण ह्याच पगारात आधी महिना निघायचा, आता वीस दिवस निघतात. म्हणजे दरवर्षी तुम्ही माझा पगार कापताच की.”

साहेबांनी तिचा फॉर्म फायलीत ठेवला. मग म्हणाले, “पुढच्या फॉर्मला बघू.”

मला त्या माणसाचा अजून राग येतो. ती काही उपकार मागायला गेली नव्हती. स्वतःच्या हाताचं मोल मागत होती.

खोली सुटली. काकांची खुर्ची नव्या जागेत मावेना, म्हणून ती माझ्याकडे आणली.

यंदा फॉर्म भरताना मी शेजारीच होतो. पहिल्या प्रश्नाशी मावशी बराच वेळ थांबली. मग सावकाश लिहिलं, ‘घर सोडलं. आता दोन बस बदलून येते. एकदाही उशीर झाला नाही.’

आणि खाली तडकलेल्या काचांचा आकडा टाकला : एक.