घोटिंगाला आलेले दात

सासऱ्यांनी ते आधी पाहिलं. अर्धांगवायूने डावी बाजू गेल्यापासून त्यांना दिसतं ते एवढंच: जनेल आणि जनेलाबाहेरचं घोटिंगाचं झाड. उजव्या हाताने दाखवत म्हणाले, "गो, थंय काय ता?"

खोडाला एकावर एक पांढुरक्या, लवदार थाळ्या फुटल्या होत्या. मी त्यांचा दाढीचा आरसा घेऊन गेले. बुरशी ओळखायची तर तिचं पोट बघावं लागतं. आरसा खाली धरला. अळंब्यांसारखे पडदे नाहीत, बारीक भोकंही नाहीत. दाटीने लोंबणारे मऊ, टोकदार दात! लग्नाआधी मी बॉटनी शिकवायची. तेव्हा असे दात सापडते तर नाचलेच असते. आता मात्र धावत जाऊन कोयता आणला. ही बुरशी लाकूड आतून खाते. कोयत्याची मूठ आपटली, तर खोड पोकळ वाजलं. आणि झाड कललंय नेमकं आमच्या छपरावर. खाली सासऱ्यांची खाट.

शनिवारी नवरा वास्कोहून आला. झाड राखणदाराचं, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचं, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय फांदीही तोडायची नाही. विचारलं. भटजींनी देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या लावल्या, आधी डावी पडली. डावी म्हणजे नकार. झालं!

"मग बाबांना तरी पुढच्या खोलीत हलवूया," मी म्हटलं.

"देवान नको म्हणून सांगल्यान. आता बाबांक हलयला तर गाव काय म्हणतलो? हेंचो देवार इस्वास नाय?"

एवढं बोलून गडी सोमवारच्या बसने वास्कोला. एकटीने सासऱ्यांना उचलणं मला जमत नाही. रात्री त्यांची कूस बदलावी लागते, म्हणून माझा बिछानाही त्याच खोलीत. असला संताप आला की दिवसभर भांडी आपटत होते. वारा सुटला की जीव मुठीत. बरं, जाणार तरी कुठे? सासऱ्यांना कोण बघणार?

काल संध्याकाळी वारा सुटला. मी पेज भरवत होते, तर सासऱ्यांनी तोंडच मिटून घेतलं.

"आज तू फुडल्या खोलयेत नीज."

"आणि तुमची कूस कोण बदलणार?"

"एक रात नाय बदलली म्हणून मरूचंय नाय मी. तू जा."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली. या घरात मला "जा" म्हणणारे ते पहिलेच. मला रडू आवरेना. "गप जेवा," म्हणून मी त्यांच्यावर खेकसले, आणि बिछाना तिथेच घातला.