ओटा आणि फ्रिज यांच्यामधली जागा

मेजर टेपचं टोक सोडलं की पट्टी सर्रकन डबीत शिरते. तो आवाज आला की मला आईचा अंगठा आठवतो. इंटीरियर डिझाइनच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या घराचा नकाशा काढायचा होता. आमच्या दोन खोल्या मोजताना टेपचं दुसरं टोक तिनेच अंगठ्याने भिंतीला दाबून धरलं होतं.

नकाशा पाहून सरांनी ओटा आणि फ्रिज यांच्या मधे पेन्सिल टेकवली. "इथे काय आहे?"

"काही नाही, सर."

"मग जागा वाया का घालवतोस? कपाट काढ."

आई रोज तिथेच झोपायची. वर्गासमोर ते सांगायची मला लाज वाटली. तसंही नकाशात जागची न हलणारी वस्तूच येते. रोज पहाटे गादी गुंडाळून दुसऱ्यांना जागा मोकळी करून देणाऱ्या माणसासाठी त्यात खूणच नसते. मी कपाट काढलं. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले.

घरी आई बराच वेळ नकाशा बघत राहिली. मग म्हणाली, "कपाट छान आहे रे. माझी गादी मावेल त्यात."

"नाही मावणार," मी म्हणालो. "पंधराच इंच खोल आहे."