‘जास्त आसा’ एवढंच सांगायचं होतं

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोडी ठाऊक होत्या. ही एक सोडून. ती गेली तेव्हा मनात आलं, आता हे सांगायचं राहिलंच — आणि खरं सांगू? तेवढ्या दुःखातही जरासं हायसं वाटलं. आज तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मधेच उठून गेलात तरी मला कळणार नाही.

आधी थोडं नाटकाचं सांगतो. तुम्ही म्हणाल, टाळतोय. टाळतोयच. पण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

मालवण आणि देवगडच्या मधलं आमचं गाव, समुद्राला लागून. तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. बाजारात वडिलांचं दुकान होतं — सुंभ, दोरखंड, जाळ्यांचं सूत. मॅट्रिकला आपटी खाऊन मी त्या गल्ल्यावर बसलो आणि वर्षाकाठी गावच्या मंडळासाठी एक नाटक लिहू लागलो. देवळापुढे सत्यनारायणाच्या पूजेला ते व्हायचं. नाटकं यथातथाच. पण संवाद! माझ्या संवादांची लोक तारीफ करायचे. “ह्यो सरळ काय्येक बोलणा नाय, तरी सगळा समाजता,” असं म्हणायचे, आणि मी फुगायचो.

त्यातली गंमत मला लवकर कळली होती. एका नाटकात मी असं लिहिलं होतं, की समुद्रावर गेलेल्या माणसाची बायको सासऱ्याला विचारते, ते कधी येणार? सासरा म्हणतो, “वारो पडलोहा गो. आज भात कमी घाल.” विचारलं काय, सांगितलं काय! समोर चटईवर बसलेल्या बाया मात्र पदर तोंडाला लावायच्या. कारण आधीच्या प्रवेशात त्यांनी होडी बुडाल्याचं ऐकलेलं असायचं. म्हातारा वाऱ्याचं का बोलतोय, भाताचं का बोलतोय, हे त्यांचं त्याच जुळवून घ्यायच्या. मला वाटायचं, ही माझ्या लेखणीची करामत. आडून बोललं की जास्त लागतं, असा माझा सिद्धांत झाला होता. काय पण सिद्धांत!

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. माणूस लांब कुठे वारला, तर घरच्यांना ‘वारला’ असं कुणी म्हणत नाही. निरोप्या येऊन म्हणतो, “जास्त आसा. चला.” बस्स. ‘जास्त आसा’ म्हणजे तब्येत फार बिघडलीय, असं आपलं म्हणायला. खरं काय ते ऐकणाऱ्याला तिथेच उमगतं. बाई हातातलं टाकते, पोर कडेवर घेते आणि निघते. वाटेत कुणी बोलत नाही. पोचेपर्यंत निदान चालण्याचं बळ राहतं. हेही आडूनच बोलणं झालं की — पण त्यात फसवणूक नाही, कारण सांगणारा आणि ऐकणारा दोघंही ते शब्द सारख्याच वजनाने उचलतात. हा फरक मला माहीत नव्हता का? चांगला माहीत होता.

शांताराम माझा मित्र. होडीवर जायचा, आणि माझ्या नाटकांत बाईचं काम करायचा. तेव्हा गावात बाया कुठल्या उभ्या राहायला! अंगाने शेलाटा, आवाज गोड. पण तालमीला येताना अंगाला मासळीचा वास, त्यावरून आम्ही त्याला छळायचो. त्याची बायको सुलू. तिला मी वैनी म्हणायचो, ती मला भावजी. हसरी, जिभेला धार असलेली बाई. बाजारात तिला कुणी मोजमापात फसवू शकत नसे.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. वैशाख होता. सकाळी दुकान उघडून बसलो होतो, तर शांतारामच्या होडीवरचा बाबल्या खलाशी दारात येऊन उभा. आत येईना. मग एकदम म्हणाला, “शांताराम गेलो रे.” रात्री वाऱ्यात डोलकाठी मोडून त्याच्या अंगावर पडली होती. विजयदुर्गला आणेपर्यंत खेळ आटोपला होता. त्यांची होडी मोडलेली, आणि मेलेलं माणूस आपल्या होडीत घ्यायला परगावचा कुणी तयार होईना. रस्त्याने आणायचं तर मधे खाड्या. शेवटी तिथल्याच एकाने बायकोला आणण्यापुरती होडी दिली होती. शांतारामचा भाऊ तिथे मढ्यापाशी बसलेला. वैशाखातला उन्हाळा. दिवस मावळेपर्यंत थांबू, असं ठरलं होतं.

“माझ्यान जमाचा नाय,” बाबल्या म्हणाला. “तुका बोलूक येता. जास्त आसा म्हणान सांग नि तिका घेवन ये. पाणी उतरायच्या आदी निघाक व्हया.”

तुका बोलूक येता! मी निघालो. वाटेत मी काय करत होतो, ठाऊक आहे? वाक्य जुळवत होतो. सुरुवात कशी करावी, आवाज कुठे उतरवावा. मित्र मेला होता, आणि मी — शी! सांगताना आजही लाज वाटते.

वैनी मागल्या दारी बसली होती. पुढ्यात बांगडे माशांचा ढीग, मिठाची टोपली, कोपरापर्यंत हात माखलेले. सासू लेकीकडे गेली होती, लहानगी झोपली होती. मला बघितलं आणि हसली. “काय भावजी, नवीन नाटक काय? ह्या खेपेक तेंका बाईचो पार्ट देव नकात हां. मिशी काढल्यार पोर बापाशीक वळखणा नाय.”

मी हसलो. होय, हसलो! तिथेच सगळं बिनसलं. हसलेल्या तोंडाने ते दोन शब्द कसे काढायचे? मी मागच्या पडवीच्या कडेला टेकलो. म्हणालो, होडीला जरा अपघात झालाय. तिचे हात थांबले. “तेंका?” तिने विचारलं. एवढंच. आणि तिच्या तोंडावरचा रंग जो उतरायला लागला, तो मला बघवेना. माझ्याच्याने बघवेना, हो — तिच्या दुःखापेक्षा ते मला बघावं लागणार, हेच मला जड झालं. मी घाईघाईने म्हणालो, “थोडासा लागलाहा. पायाक. विजयदुर्गाक ठेवल्यानी. काळजी करू नको.”

ऐकलंत ना? ‘जास्त आसा’ नाही. थोडासा लागलाहा. पायाला!

तिने सुटकेचा केवढा श्वास टाकला. मग शहाण्या बाईने जे करावं तेच तिने केलं. बांगडे असेच टाकले तर सडतील, घरात तेवढीच बेगमी. ते खारवून घेते, रात्री सासू येईल, तिच्याकडे पोर देते आणि पहाटेच्या होडीने येते, म्हणाली. त्याला तिथली पेज आवडायची नाही म्हणून उकडे तांदूळ बांधून घेते, म्हणाली. धुतलेला सदरा नेते, म्हणाली. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेलो. मनाशी म्हणत होतो, आता बोलतो, हे वाक्य संपलं की बोलतो. ती परत मिठात हात घालून कामाला लागली आणि मी उठलो.

बंदरावर बाबल्या दोर सोडूनच उभा होता. “सांगलंस मां?” त्याने विचारलं.

“सांगलंय.”

“मगे?”

“सकाळी येतंय म्हणता.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “सकाळी?” अजूनही वेळ होती. पाणी उतरायला अवकाश होता, घर हाकेच्या अंतरावर होतं. मी खाली वाळूकडे बघत राहिलो. बाबल्याने शीड ओढलं आणि होडी गेली.

दिवस मावळल्यावर त्यांनी शांतारामला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी वैनी तांदळाचं गाठोडं आणि सदरा घेऊन विजयदुर्गच्या बंदरात उतरली. तिला कोणी काय सांगितलं, कसं सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं. नवऱ्याचं शेवटचं तोंड तिला दिसलं नाही, ते माझ्यामुळे.

इथवर तुम्ही म्हणाल, भित्रा होता बिचारा, होतं असं. थांबा. पुढचं ऐका.

ती परत आली तेव्हा वाडीतली सगळी माणसं अंगणात जमलेली. सासूने छाती बडवून घेतली. “घोव मेलो नि ही बांगडे खारवत बसली!” वैनी म्हणाली, भावजी म्हणाले थोडं लागलंय. सगळे माझ्याकडे वळले. सासूने विचारलं, “तू काय सांगलंस रे तिका?”

मी म्हणालो, “जास्त आसा म्हणान सांगलंय, काकी.”

बाबल्यानेही मान डोलावली. मी त्याला तसंच सांगितलं होतं ना. आणि कुणाला शंका येणार? असा निरोप घेऊन गेलेला माणूस दुसरं काही सांगेल, हे आमच्या वाडीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. वैनीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल, माझी गचांडी धरेल. धरली असती तर मी कबूल झालो असतो — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण तिने नुसतं बघितलं, मग मान खाली घातली.

त्यानंतर ‘बांगडेवाली’ म्हणूनच तिचं नाव निघायचं. मंगलकार्यात विधवेला बाजूला बसवतात, तिला सुतकातसुद्धा बाजूला बसवू लागले. मी मूग गिळून बसलो. दुकानात आली की सूत चांगलं काढून द्यायचो. काय मेहेरबानी माझी!

आणि मग मी ते नाटकात घातलं. विश्वास बसत नाही ना? मलाही बसत नाही. दोनेक वर्षं गेली होती, मंडळाला नवीन नाटक हवं होतं, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. नाव-गाव बदललं, बांगड्यांऐवजी भात कांडणारी बाई केली. निरोप्या येतो, तिच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, “जास्त आसा.” मी जे बोललो नव्हतो ते त्याच्या तोंडी घातलं — आवाज कसा उतरवायचा ते त्याला तालमीत दहादा करून दाखवलं. आणि ती बाई? ती मुसळ थांबवत नाही. “हे कांडून होवंदे, मगे येतंय,” म्हणते. लोक आधीच सगळं जाणून होते. या वेळीही त्यांनी जुळवून घेतलं, आणि जे जुळवलं ते खोटं होतं. माझा सिद्धांत असा फळाला आला. बायका रडल्या. रडता रडता एकेक मान मागे वळत होती, कारण मागच्या खांबाशी वैनी बसली होती.

चार-सहा दिवसांनी ती दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. सूत मागितलं नाही. फळीला धरून उभी राहिली. मला वाटलं, आलीच वेळ. ती हळूच म्हणाली, “तुमी सांगलास, भावजी. माकाच समाजूक नाय. तेवा काय झालेला माका, काय म्हायत. मी सगळ्यांका सांगी तुमीच बोलूक नाय म्हणान. माका माफ करा.”

माफी मागत होती. माझी! नाटकात बघितलेलं तिला स्वतःच्या आठवणीपेक्षा खरं वाटलं होतं. माणूस तोंडावर येऊन असं खोटं सांगेल आणि वर त्याचं नाटक करेल, हे तिच्या मनाला शिवणारच नव्हतं. मग उरलं काय? चूक आपल्याच कानांत, आपल्याच डोक्यात. सगळं उलगडायला मला एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय म्हणालो, सांगू?

म्हणालो, “होता असा, वैनी.”

ती गेली. मी परत नाटक लिहिलं नाही. मंडळाला सांगितलं, दुकानामुळे जमत नाही. तेही खोटंच.

वैनी पुढे म्हातारी होऊन वारली. बाजारात कुणाला न फसणारी ती बाई, पण त्या दिवसापासून कुणी काही सांगितलं की म्हणायची, “परत एकदा सांगा. माका पटकन समाजणा नाय.” बाजारात भाव विचारताना म्हणायची, चिठ्ठी वाचून घेताना म्हणायची. लेकीचं लग्न ठरवायला पाव्हणे आले, तेव्हा आतच बसून राहिली. म्हणाली, तुम्हीच बोला, मी चुकीचं काहीतरी ऐकीन. पोरंटोरं तिची नक्कल करायची. मी ती नक्कल ऐकली आहे, आणि गप्प राहिलो आहे.

तिच्या समजण्यात काही कमी नव्हतं. त्या सकाळी मी जे बोललो, ते तिला शब्दन् शब्द समजलं होतं.