फौजदाराचा वाटा

माझा मामा खाटीक होता आणि त्याला सुईची भीती वाटायची. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, असं मामी त्याला लग्नापासून विचारत आली होती. दिवसभर सुरा चालवणारा माणूस दवाखान्यात नुसती सिरिंज दिसली की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. "दुसऱ्याचं रक्त वेगळं, आपलं वेगळं," एवढंच त्याचं म्हणणं.

माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाकडे आली, ती कायमचीच. खाली रस्त्याला लागून दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मामाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड व्हायचे आणि मामीचा मारही मीच खायचे. आईला मामा ताई म्हणायचा. तिच्यापुढे त्याचा आवाज कधी चढला नाही. मामीपुढे चढायचा, पण चालायचा नाही.

दुकानाच्या पायरीवर फौजदार बसलेला असायचा. मातकट रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा. येणाऱ्या प्रत्येकाला तो असा वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा की दुसरं नाव त्याला शोभलंच नसतं.

धंद्यात मामाचा एक नेम होता. खराब तुकडा गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाता कामा नये. मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, कधीकधी पाण्याने भरलेला पांढरट फुगा निघतो, कधी बोराएवढा, कधी लिंबाएवढा. मामा तेवढा भाग कापून काढायचा आणि मान न वळवता पायरीकडे भिरकावायचा. फौजदार तो वरच्या वर झेलायचा. "त्याचा वाटा त्याला," मामा म्हणायचा. फौजदाराच्या आधी पाळलेल्या काळ्यालाही हाच वाटा मिळायचा. आजोबांच्या हाताखाली मामा शिकला तेव्हा तेही असंच करत. माणसाला चांगलं, कुत्र्याला उरलेलं, वाया काही नाही. यात वावगं ते काय?

दुपारी दुकान बंद झालं की फौजदार स्वयंपाकघरात येऊन आईच्या मांडीला टेकून झोपायचा. आई मटार सोलता सोलता त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि त्याच हाताने चार दाणे तोंडात टाकायची. मामी करवादायची. आई म्हणायची, "अगं, तुझ्या नवऱ्यापेक्षा स्वच्छ आहे हा."

मग आईच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून सोडून दिलं. पित्ताच्या गोळ्या झाल्या, पथ्यं झाली, मामीचे काढे झाले. दुखणं काही हटेना. जेवण कमी झालं, बरगड्यांखाली जड जड वाटायला लागलं. शेवटी मामाने दुकान बंद ठेवलं आणि आम्ही तिघं मोठ्या दवाखान्यात गेलो.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. समोरच्या पडद्यावर आईच्या पोटाचं चित्र होतं. यकृतात एक गोल पिशवी, आणि तिच्या आत आणखी लहान लहान पिशव्या. मला काहीच कळलं नाही. मामा मात्र पुढे झुकला.

"हे काळीज आहे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि हा पाण्याचा फुगा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"खाटीक आहे. हे मी मेंढीत बघतो. माणसात कसं आलं?"

"घरात कुत्रं आहे? त्याला कच्चं काय घालता?"

मामाने फौजदाराचा वाटा काय तो सांगितला. बाईंनी मग सावकाश समजावून सांगितलं. तो फुगा कुत्र्याने कच्चा खाल्ला की त्यातून कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत होतात. कुत्र्याला त्याचा काही त्रास दिसत नाही, ते धडधाकट असतं. पण जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, मातीत मिसळतात, केसांना चिकटतात. तिथून माणसाच्या हाताला आणि हातावरून तोंडात. मग माणसाच्या यकृतात नाहीतर फुप्फुसात अशी गाठ वाढते. "आणि ही काल-परवाची नाही," त्या म्हणाल्या. "कित्येक वर्षं वाढत आली असणार."

"म्हणजे काळ्याच्या वेळची," मामा पुटपुटला. मग एकदम घाबरून म्हणाला, "बाई, तो फुगा हात लागला की फुटतो हो. हिचा फुटला तर?"

"फुटू नये म्हणूनच आधी औषध देऊ, मग जपून काढू."

घरी आल्यावर मामीने फौजदाराला बघितलं आणि तिचा तोल गेला. "आधी हे धूड बाहेर काढा!" मामाने मुकाट्याने दोरी घेतली. लांबच्या माळावर सोडून येतो म्हणाला. दोरी बघून फिरायला जायचं समजून फौजदार नाचायला लागला आणि मामाला त्याच्या गळ्यात गाठच मारता येईना.

आई खाटेवरून हे बघत होती. "त्याला कुठे नेतोस?"

"ताई, याच्यापायी तुझं..."

"त्याने काय खुंटीवरचं काढून खाल्लं? तू टाकलंस, त्याने झेललं. आणि माळावर सोडशील तर तिथल्या लेकराबाळांनी काय घोडं मारलंय? जनावरांच्या डॉक्टरकडे ने त्याला."

मामा जिन्याच्या पायरीवर बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला. मामीने दोरी उचलून ठेवली आणि त्याच्यासाठी पाणी आणलं.

जनावरांच्या डॉक्टरने फौजदाराला जंताची गोळी दिली आणि ती ठरल्या वेळी पुन्हापुन्हा द्यायला बजावलं. कच्चं आतडं, काळीज, फोपसं, यातलं काही घालायचं नाही. घालायचंच तर चांगलं उकळून. विष्ठा खोल पुरायची. आम्हा सगळ्यांच्याही तपासण्या झाल्या. रक्त घेताना मामा नेहमीप्रमाणे भिंतीकडे वळला. आमच्या कुणाच्या पोटात काही निघालं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण मामाला ते लागलं. "फुगे मी कापले, मी टाकले, आणि भोगायचं ताईने," तो म्हणत राहिला.

काही आठवडे औषध घेतल्यावर आईचं ऑपरेशन झालं. गाठ अख्खी निघाली. आईला घरी आणलं त्या दिवशी मामा तिला जिन्यावरून उचलून न्यायला निघाला, तर ती म्हणाली, "खाली ठेव, मी काय बकरा आहे?" हसताना टाके ओढले म्हणून मग मामालाच ओरडली.

मामाने दुकानामागे खोल खड्डा खणला आणि त्यावर लोखंडी झाकण बसवलं. फुगे आता तिथे जायचे. फौजदारासाठी वेगळं पातेलं आलं. तो घरात यायचा, पण खाटेवर आणि मांडीवर नाही. पहिल्या दिवशी पातेल्यात उकडलेलं बघून त्याने मामाकडे असं पाहिलं की मामीलाही हसू आवरेना.

बाजारातल्या बाकीच्या खाटकांना मामा सांगत सुटला. त्यांनी टर उडवली. कोपऱ्यावरचा म्हातारा तर रोज ओरडायचा, "काय रे, कुत्र्याला आज मीठ बरोबर पडलं का?" मामा चिडायचा नाही. आईच्या पोटातलं चित्र त्याने दवाखान्यातून मागून आणलं होतं. ते तो समोर धरायचा आणि विचारायचा, "हे ओळखतोस?" खाटकालाच विचारलेला प्रश्न तो, ओळखायला कितीसा वेळ लागणार? एकेक जण गप्प व्हायला लागला.

आई बरी होऊन पुन्हा घरात वावरू लागली. पुढच्या तपासणीतही काही निघालं नाही. त्याच सुमारास एका सकाळी तो कोपऱ्यावरचा म्हातारा आपला भलामोठा कुत्रा ओढत आमच्या पायरीशी आला.

"ती गोळी कशी घालतात रे?" त्याने इकडे तिकडे बघत विचारलं.

मामाने लोण्याच्या गोळ्यात औषध दडवलं, कुत्र्याचा जबडा उघडला, गोळी मागे सरकवली, गळा चोळला. कुत्र्याने शहाण्यासारखं तोंड मिटलं, लोणी चाटून घेतलं आणि गोळी मामाच्या पायावर टाकली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"अगदी मालकावर गेलाय," मामा घाम पुसत म्हणाला. "ऐकून सगळं घेतो, गिळत काही नाही."

म्हातारा खो खो हसला, खाली बसला आणि कुत्र्याचं डोकं त्याने स्वतः धरून ठेवलं. मग एकदाची ती गोळी पोटात गेली. दोघांनी नळावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि मामी चहा करते का, ते बघायला आत आले.