चौदा खुणा, एक गॅलरी

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, आमच्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर डोंबिवलीतल्या रासायनिक वासाच्या नोंदींचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यावर एकवीस खुणा होत्या. सात नाल्याकाठी होत्या. उरलेल्या चौदा एकाच इमारतीच्या एकाच कोपऱ्यावर होत्या. नोंदी करणाऱ्या बाईंचं नाव बातमीत कुठेही नव्हतं. ते येणार नाही, असं आम्ही त्यांना कबूल केलं होतं. नकाशा मी तयार केला होता.

बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. एकट्या राहत. तिसरा मजला, कोपऱ्याचं घर, गॅलरीचं तोंड औद्योगिक वसाहतीकडे. वास आला की त्या गॅलरीत येत, फोन हातात धरत, त्यावरचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबत आणि मग वहीत वेळ, वाऱ्याची दिशा, वासाचं वर्णन आणि अक्षांश-रेखांश लिहीत. वर्णन नेमकं असे. "कुजक्या कांद्यासारखा, घशात उतरणारा." "नेलपॉलिश. वीस मिनिटं."

डोंबिवलीत राहिलेल्या वाचकांना अशा एखाद्या बाई माहीत असतील. इमारतीतली मुलं त्यांना टाळतात, कारण जिन्यात गाठून त्या पश्चिम कुठे ते विचारतात.

आमची ओळख एका भांडणातून झाली. मी वेब डेस्कवर होतो. बातमीत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आले की त्यांना नकाशाचा दुवा जोडणं हे माझं काम होतं. नाल्याच्या एका बातमीत मी "एमआयडीसीजवळ" एवढंच ठेवलं होतं. दुपारी फोन आला.

"जवळ म्हणजे कुठे?"

"बाई, वाचकांना अंदाज येतो."

"अंदाज कशाला? तुमच्या वार्ताहराला मी आकडे दिले होते. ते कुठे गेले?"

आकडे मी कापले होते. दुसऱ्या बातमीत मी ते घातले, पण उलटे. आधी रेखांश, मग अक्षांश. फोन पुन्हा आला. "अहो, आपला नाला नॉर्वेच्या वर समुद्रात गेलाय. तिथे तो गोठेल तरी, वास यायचा नाही." तिसऱ्या वेळी क्रम बरोबर होता, पण रकान्यात बसावेत म्हणून दशांश चिन्हापुढचे तीनच आकडे मी ठेवले. "आज नाला पिठाच्या गिरणीतून वाहतोय. गिरणीवाल्याला कळवलंत का?"

पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण मीटरभर. तिसरा म्हणजे शंभरेक मीटर. दुसरा म्हणजे किलोमीटरभर. हे मला त्यांनी शिकवलं. त्यानंतर मी एकही आकडा कापला नाही.

एकदा त्या ठाण्याला आमच्या कार्यालयात आल्या. माजिवड्याला उतरून चार जणांना पत्ता विचारला, असं त्यांनी सांगितलं. "चौघंही म्हणाले, इथे जवळच आहे. चौघांचे हात चार दिशांना." मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी मला नकाशे उघडायला लावले. पाणी कुठून कुठे जातं ते विचारायचं असेल तर उंचीच्या रेषांचा नकाशा. रस्ता विचारायचा असेल तर रस्त्यांचा. छप्पर पाहायचं असेल तर उपग्रहाचा. "एकच दुवा देऊन काय होतं? वाचकाला काय हवंय ते आधी ठरवा." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक ठिकाणाला तीन दुवे असत. आमचे संपादक लांबून म्हणाले, "बाईंना सांग रे, आपण पेपर काढतो, ॲटलास नाही." बाईंनी ते ऐकलं. "पेपर एक दिवस टिकतो," त्या म्हणाल्या आणि चहा मागवला.

दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बरोबर खाली, एक वहिनी राहत. मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचा मुलगा वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर होता. दोघींची रोजची ये-जा होती. बाई वरूनच हाक मारत, "अगं वहिनी, ये गं, चहा उकळतोय." बाईंच्या घराची दुसरी किल्ली वहिनींकडे देवघराशेजारी खिळ्याला असे. वहिनींच्या मुलाचं लग्न कल्याणच्या एका मंगल कार्यालयात होतं आणि त्याच नावाचं दुसरं कार्यालयही कल्याणातच होतं. बाईंनी दाराचे आकडे घेऊन दुवा तयार केला आणि साऱ्या वऱ्हाडाला पाठवला. वहिनी ही गोष्ट मला भेटल्याबरोबर सांगत. "एक माणूस चुकला नाय हो. सगळे टायमावर हजर. म्हणून तर जेवण कमी पडलं!"

वासाची वही वहिनींनाही माहीत होती. मुलाच्या नोकरीमुळे त्या तिच्याबद्दल बाहेर बोलत नसत. बाईही मुलाबद्दल वहीत लिहीत नसत. यावर दोघींची कधी चर्चा झाली असेल असं वाटत नाही.

नोव्हेंबरअखेर बाईंनी वहीतल्या एकवीस नोंदी मला दिल्या. त्यांचा मोतीबिंदू काढायचा होता, सोमवारी. डॉक्टरांनी पुढचा आठवडा फोन पाहायला मनाई केली होती. एरवी प्रसिद्ध होण्याआधी प्रत्येक नकाशा त्या स्वतः तपासत. या वेळी तपासणार नव्हत्या. म्हणून रविवारी त्यांनी फोन केला.

"घरच्या चौदा नोंदी पुढच्या चौकावर टाका, घर दिसायला नको. चौकाचे आकडे लिहून घ्या."

मी लिहून घेतले. कागद माझ्या टेबलावर होता.

मंगळवारी सकाळी मी एकवीस नोंदी तक्त्यात भरल्या. आकड्यांपासून दुवे आपोआप तयार होत, ती सोय मीच बसवली होती. बातमीत नाव राहिलं नाही ना, हे तीनदा तपासलं. इमारतीचं नाव तपासलं. "एक रहिवासी" एवढाच उल्लेख ठेवला. आकडे तपासले नाहीत. घराचे पाचही आकडे जसेच्या तसे गेले.

बुधवारी सकाळी पान उघडल्यावर मला एक खूण इतरांपेक्षा जाड दिसली. ती एक नव्हती, चौदा खुणा एकमेकींवर बसल्या होत्या. मी उपग्रहाचा दुवा उघडला. गच्चीवरची निळी ताडपत्री मला ओळखू आली. तिच्याखालच्या गॅलरीत मी चहा घेतला होता. नऊ वाजून वीस मिनिटांनी मी नकाशा काढून टाकला. संपादकांना तांत्रिक अडचण सांगितली. दुरुस्ती छापली असती तर ते घर पुन्हा दाखवल्यासारखं झालं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे कारण खरं होतं. सोयीचंही होतं.

गुरुवारी दोन माणसं सोसायटीच्या फाटकात आली. या कोपऱ्यातल्या घरांतून पेपरला तक्रारी कोण करतं, असं त्यांनी वॉचमनला विचारलं. गॅलरीत फोन धरून उभ्या राहणाऱ्या बाई वॉचमनला रोज दिसत. त्याने वर बोट दाखवलं. ती माणसं कोणाकडून आली होती याची खात्री झालेली नाही. त्यांनी बाईंच्या गॅलरीचे फोटो काढले आणि ती गेली.

रविवारी कमिटीची बैठक झाली. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, अर्ध्या बिल्डिंगचं पोट त्या कंपन्यांवर आहे." डोळ्याला हिरवी पट्टी लावलेल्या बाई म्हणाल्या, "नाकंही त्याच बिल्डिंगमधली आहेत." कोणी हसलं नाही. परवानगीशिवाय बाहेर तक्रार करायची नाही, अशी सूचना फळ्यावर लागली. त्यानंतर बाई जिन्यात दिसल्या की लोक फोनवर बोलायला लागत.

डोळा उघडल्यावर त्यांचा पहिला फोन मला आला.

"नकाशा दिसत नाही."

"तांत्रिक कारणाने काढावा लागला."

"बरं. चौकावरच टाकल्या होत्यात ना नोंदी?"

"नाव आमच्याकडून गेलेलं नाही, बाई."

प्रश्न खुणांचा होता, उत्तर नावाचं होतं. उत्तरातला प्रत्येक शब्द खरा होता. शब्द नीट तपासणाऱ्या बाईंनी त्या दिवशी ते तपासले नाहीत. मग म्हणाल्या, "मग एकच राहिली. वहीचं दोघांनाच माहीत होतं. तुम्हाला आणि वहिनीला."

मी काही बोललो नाही. फोन सुरू होता. बोलायला वेळ होता.

त्याच संध्याकाळी बाई खाली गेल्या आणि किल्ली परत घेऊन आल्या. वहिनींनी कारण विचारलं तेव्हा "लागेल मला" एवढंच म्हणाल्या. चहाच्या हाका थांबल्या.

पुढच्या आठवड्यात मी बाईंकडे गेलो, सांगायचं असं ठरवून. वर जाण्याआधी फाटकात थांबून वॉचमनला विचारलं, त्या दोघांच्या हातात काही होतं का?

"मोबाइल होता ना. एकदा मोबाइल बघायचे, एकदा बिल्डिंगचा कोपरा. नकाशा का काय ते."

"हे बाईंना सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाय, साहेब."

मी विचारलं, कारण काय विचारायचं ते मला माहीत होतं. वर गेलो. चहा घेतला. बाईंनी नवी वही दाखवली. सांगितलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी बाई न्हाणीघरात पडल्या. वहिनींना वरून पाणी सतत वाहत असल्याचा आवाज येत होता. त्या वर गेल्या. बेल वाजवली, दार ठोठावलं. आतून आवाज आला पण शब्द कळले नाहीत. गल्लीतल्या सुताराला आणलं. सेफ्टी डोअर उघडायला त्याला चाळीस मिनिटं लागली. हे वहिनींनी मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. "किल्ली माझ्याकडे असती तर दोन मिन्टं. बाई तोवर थंडगार पाण्यात. आणि वाटतं कसं, मी असं काय केलं हो? तुम्ही पेपरवाले, तुम्हाला काय बोलल्या का त्या?"

"नाही," मी म्हणालो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मी खाटेशेजारी बसलो असताना वहिनी डबा घेऊन आत आल्या. मुगाची खिचडी होती. झाकण उघडल्यावर वास आला. बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात. ठेवा तिथे."

मी पहिल्यांदाच त्यांना वहिनींशी "तुम्ही" म्हणताना ऐकलं. वहिनींनी डबा ठेवला, चमचा पुसून वर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघं त्या खोलीत होतो. काय घडलं ते तिघांपैकी एकालाच माहीत होतं. वहिनी गेल्यावर बाई म्हणाल्या, "माणूस वाईट नाही ती. मुलाच्या नोकरीसाठी केलं असेल. पण मला विचारायचं होतं." मी खिडकी लावून घेतली, कारण वारा येत होता.

मार्चमध्ये भाची त्यांना चिपळूणला घेऊन गेली. एप्रिलमध्ये घर रिकामं झालं.

पत्र मी जुलैत लिहिलं. दोन पानं झाली. रविवारचा फोन, चौकाचे आकडे, टेबलावरचा कागद, मंगळवार, बुधवार, नऊ वीस. मी दिलेलं उत्तर अवतरण चिन्हांत दिलं. वहिनींनी कोणाला काही सांगितलेलं नाही, हे शेवटी स्वतंत्र ओळीत लिहिलं. सोबत नकाशाच्या त्या पानाची छापील प्रत जोडली. बाईंनी पुराव्याशिवाय विश्वास ठेवला नसता. स्पीड पोस्टने पाठवलं. वहिनींना मात्र काहीच कळवलं नाही. आधी बाईंना कळावं, असं मी ठरवलं होतं.

भाचीचा फोन पुढच्या मंगळवारी दुपारी आला. बाई सकाळी गेल्या होत्या. न्यूमोनिया झाला होता, पाच दिवस अंथरुणावरच होत्या. माझं पत्र शनिवारी पोहोचलं होतं.

"रविवारी वाचून दाखवलं. आत्यानं दोनदा वाचायला लावलं. नकाशाचा कागद भिंग घेऊन बघितला."

"काय म्हणाल्या?"

"तुमच्याबद्दल काही नाही म्हणाली. म्हणाली, खालच्या वहिनीला फोन लाव. आत्याच्याच फोनवरून लावला. उचलला नाही. मग तिला दम लागला."

बुधवारी मी डोंबिवलीला गेलो. बाई गेल्याचं वहिनींना सोसायटीच्या ग्रुपवरून कळलं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मी काय चिपळूणला होते का हो? इथंच होते. एक जिना खाली. मला का नाय सांगितलंत?"

त्यांनी टेबलावरचा फोन हातात घेतला.

"फोन आलेला तिचा. नाव बघितलं. म्हटलं, एवढे महिने नाय, आता काय काम काढलंय? वाजू दिला."

त्यांनी फोन उघडून माझ्यासमोर धरला. कॉलच्या यादीत बाईंचं नाव लाल अक्षरांत होतं. रविवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. त्या नंबरवरून त्यानंतरचा कॉल नाही.